शिळ्या पाण्याच्या बाजूने

अर्जदार : माझी मोठी बहीण, वय साठीच्या पुढे, निवृत्त परिचारिका, राहणार जुळे सोलापूर, दुसरा मजला, एकटी.

सामनेवाले : तिची सख्खी भावंडे. एक, थोरला भाऊ, राहणार करमाळा, आडत दुकानदार. दोन, धाकटी बहीण, राहणार होटगी, रेल्वेतल्या घरात दिलेली. तीन, प्रस्तुत लेखक.

वादाचा विषय : काचेच्या पेटीतला समुद्र, आणि त्या पेटीच्या मालकिणीने यापुढे कोठे राहावे हा प्रश्न.

काळ : चैत्र आणि वैशाख, पाण्याच्या वारांनी मोजलेला.

साक्षीदार : पेटीखालच्या टाकीत पडलेला प्रवाळाचा एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा. याखेरीज दोन नारिंगी मासे, परंतु त्यांची साक्ष नोंदविण्याची सोय नाही.

अर्जात नावे घालणे हे माझे पोटाचे काम आहे. कचेरीच्या कुंपणाबाहेर, कडुलिंबाखाली टेबल-खुर्ची टाकून मी अनेक वर्षे लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवीत आलो आहे. शाळा नववीत सुटली, तथापि भाषा सुटू दिली नाही. ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘सबब’ हे शब्द योग्य जागी बसले की अडाणी माणसाचे म्हणणेही साहेबाला शेवटपर्यंत वाचावे लागते, असा माझा अनुभव आहे. येथे मात्र मी नावे जाणूनबुजून घातलेली नाहीत. घरातल्या भांडणात नाव लिहिले गेले की भांडण मिटल्यावरही ते कागदावर तसेच राहते, आणि पुढच्या पिढीला कागद सापडतो, मिटल्याची बातमी सापडत नाही.

आता हकीकत.

आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचे सारे आयुष्य इस्पितळाच्या शस्त्रक्रियागृहात गेले. उकळलेल्या कात्र्या, वाफेत धुतलेली फडकी, कोपरापर्यंत घासलेले हात, यांच्या सहवासात ती वाढत वाढत म्हातारी झाली. लग्न करायचे राहून गेले. निवृत्तीच्या वेळी बरोबरीच्या सिस्टर मंडळींनी अंदमानची सहल काढली. तेथे तळाला काच असलेल्या होडीतून तिने समुद्राच्या पोटातले प्रवाळ पाहिले. परत आल्यावर तिने विमानाबद्दल सांगितले नाही, तुरुंगाबद्दल सांगितले नाही. जेवताना मध्येच घास थांबवून एवढेच म्हणाली की खाली बाग होती आणि बाग श्वास घेत होती. वर्ष उलटायच्या आत पुण्याहून एक टेम्पो तिच्या दारात आला.

पेटी पलंगाच्या निम्म्या लांबीची. तिच्याखाली लाकडी कपाट आणि कपाटात दुसरी लहान टाकी. वरचे पाणी नळीतून खालच्या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. वर निळसर दिवा. आत दगड, दगडांवर फांद्यांसारखे, पंख्यांसारखे, हातमोज्यांसारखे प्रवाळ, तपकिरी, हिरवे, जांभळे. आपल्याकडे पोवळे म्हटले की अंगठीतला लाल खडा डोळ्यांपुढे येतो. हे पोवळे जिवंत असते आणि त्याला तोंडे असतात, हे मला त्या पेटीपुढे उभे राहिल्यावर कळले. आणि खरे सांगायचे तर प्रथम किळस आली.

थंडीत आक्काचा पाय न्हाणीघरात घसरला आणि मनगट मोडले. प्लास्टर घातले. दादा करमाळ्याहून आला, धाकटी होटगीहून आली, आणि आम्ही तिघांनी तिच्याच हॉलमध्ये बसून तिच्याविषयी ठराव केला की यापुढे तिने एकटे राहायचे नाही. माझ्या पेठेतल्या घरात समोरची खोली आहे, तीत तिने यावे आणि फ्लॅट भाड्याने द्यावा. मी त्या खोलीला चुनाही देऊन ठेवला होता. भाऊ असून बहीण परक्या वस्तीत एकटी राहते, हे चारचौघांत मला ऐकून घ्यावे लागत होते, ही वस्तुस्थिती मी लपवीत नाही.

आक्काने आमचे सगळे ऐकून घेतले. मग प्लास्टरचा हात पेटीच्या काचेला टेकवून ती म्हणाली,

“हिला माझ्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. ही माझ्या हातात मेली, तर मी आपणहून पिशवी भरून ह्याच्या घरी येते. तोवर कुणी विषय काढायचा नाही.”

“शब्द?” दादाने विचारले.

“शब्द.”

आमच्या घरात शब्द या गोष्टीला स्टँपपेपरपेक्षा अधिक मान आहे. दादा त्याच वेळी मनात हिशेब करून मोकळा झाला होता. जिन्यात मला म्हणाला, काचेतला समुद्र सोलापुरात किती दिवस टिकणार, उन्हाळा येऊ दे. मलाही तसेच वाटले होते.

प्लास्टर निघाले, पण मनगटाला जोर आला नाही. बादली तिला उचलवेना. सबब पाण्याच्या वारी मी स्कूटरवरून तिच्याकडे जाऊ लागलो.

पाण्याचा वार म्हणजे काय, ते सोलापुरात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. नळ रोज येत नाही. मध्ये दिवस जातात, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी सारे घर त्याच्यामागे धावते. आधी साठवलेले पाणी चांगले असले, झाकलेले असले, तरी नळाने फुंकर मारली की ते त्या क्षणी शिळे होते. हंडे ओतायचे, पिंप घासायचे, ताजे भरायचे. पाणी मिळत नाही म्हणून तक्रार करणारे गाव पाण्याच्या दिवशी साठवलेले पाणी मोरीत सोडते. माझी आई असेच करी, तिची आई असेच करी. शिळे पाणी घरात ठेवणाऱ्या बाईला आमच्या आळीत आळशी म्हणत.

आक्काने हाच रिवाज पेटीला लावला होता. नळाचे पाणी यंत्रातून गाळून, पिंपात मापाचे मीठ घालून ती आधी ढवळून ठेवी. पाण्याच्या वारी मी पेटीतले जवळजवळ निम्मे पाणी रबरी नळीने उपसून मोरीत सोडीत असे आणि पिंपातले ताजे पाणी वर चढवीत असे. शिवाय खालच्या टाकीतला गाळण्याचा कापूस ती उकळून घेई, आणि पाण्यातला मळ फेस करून बाहेर काढणारे एक यंत्र होते, त्याचा पेला रोज घासून लखलखीत करी. माशांना चिमटीत मावेल तेवढेच खाणे घाले, म्हणजे पाणी घाण होऊ नये. त्या हॉलमध्ये गेले की इस्पितळात गेल्यासारखे वाटे. मी तिचे कौतुक करीत असे.

चैत्राच्या सुरुवातीला एका पाण्याच्या वारी मी उपसत असताना फांदीच्या प्रवाळाची टोके पांढरी झालेली दिसली. मला वाटले, मोहोर आला. मी तसे तिला म्हणालोही. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

“पांढरं पडतंय,” ती म्हणाली.

“मग बरंच की. स्वच्छ दिसतंय.”

“वकील, हे हाड दिसतंय.”

मला ती वकील म्हणते ते कौतुकाने नव्हे, हे येथे नमूद करतो.

तिने मला जे सांगितले ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत मांडतो, कारण मला ते तसेच समजले. प्रवाळ हा घरमालक. त्याच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहते, ते भाडेकरू. हे भाडेकरू उजेडावर अन्न शिजवते आणि त्यातले बहुतेक मालकाला भाडे म्हणून देते. मालकाचा रंगही बव्हंशी त्या भाडेकरूचाच असतो. काही बिनसले की भाडेकरू निघून जाते किंवा मालकच त्याला हाकलतो. मग मालकाचे अंग काचेसारखे पारदर्शक होते आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. तेच ते पांढरे. तो मेलेला नसतो, पण त्याचे जेवण बंद झालेले असते. थोड्या दिवसांत भाडेकरू परत आले तर वाचतो, नाही तर नाही.

माझ्या आयुष्यात मी घरमालक-भाडेकरूचे असंख्य अर्ज लिहिले. त्यांत भाडेकरू गेल्यामुळे घरमालक उपाशी मेला, असा एकही नव्हता. मी खुर्चीवर बसलो.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही दोघांनी चौकशी चालवली. ती नर्सच्या पद्धतीने, मी माझ्या. पहिला संशय उन्हाळ्यावर. बाहेर डांबर वितळत होते. प्रवाळ उष्णतेने पांढरे पडतात, हे तिने वाचले होते. परंतु तिने पेटीवर पंखे बसवले होते, वीज गेली तर इन्व्हर्टर होता, आणि पाण्यातला तापमापक सकाळ-संध्याकाळ आपल्या जागेवरून हलत नव्हता. पंख्याने पाणी उडून खारटपणा वाढतो, म्हणून ती गोडे पाणी घालून तोही जागेवर ठेवी. उन्हाळा निर्दोष सुटला.

दुसरा संशय दिव्यावर. दिवा तिने हिवाळ्यात बदलला होता, नवा अधिक प्रखर होता. तिने तो मंद केला. पांढरे पडणे मंदावले, थांबले नाही. मीठ तपासले. पाण्यातला चुना तपासला, ज्यापासून प्रवाळ आपला सांगाडा बांधतात. सर्व ठीक.

तिसरा संशय माझा स्वतःचा होता. पुण्याच्या दुकानदाराने निकृष्ट माल दिला असणार, असे ठरवून मी त्याला रीतसर नोटिशीच्या भाषेत पत्र पाठवले. त्याचा फोन आला. आवाज गोड. म्हणाला, पाणी आणखी स्वच्छ ठेवा, आणि मळ शोषणाऱ्या दाण्यांची एक पिशवी पाठवून देतो. पिशवी आली. आक्काने ती खालच्या टाकीत बसवली. पुढच्या पाण्याच्या वारापर्यंत पांढरा रंग फांदीच्या बुडाशी उतरला, आणि हातमोज्यासारखा जो प्रवाळ होता तो आपली बोटे मिटून बसला.

या काळात आक्का कमी बोलू लागली. दादाचा दर चार दिवसांनी फोन येई. तो पेटीविषयी विचारीत नसे. समोरच्या खोलीत पंखा बसवलास काय, असे मला विचारी. एकदा आक्का जवळच उभी होती आणि तिने ते ऐकले. ती बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायला गेली, आणि कुंडी भरून वाहू लागली तरी तिचा हात थांबला नाही.

प्रत्येक पाण्याच्या वारी ती पाण्याची तपासणी करी. काचेच्या नळीत पेटीतले पाणी घ्यायचे, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचे, ठेवायचे, आणि रंग छापील पट्ट्यांशी जुळवायचा. दोन तपासण्या महत्त्वाच्या, नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांची विष्ठा, उरलेले खाणे, कुजका पाला, यांपासून पाण्यात हे दोन साठतात. पहिले वाढले तर नळी गुलाबी होते, दुसरे वाढले तर निळी. आमच्या नळ्या नेहमी नितळ. एकात रंग नाही, दुसऱ्यात रंग नाही. ‘शून्य,’ ती म्हणे, आणि ताप उतरलेल्या रोग्याच्या नातेवाइकाकडे पाहावे तशी माझ्याकडे पाही. मी मान डोलावी. पेटीतले सगळे बिघडत होते, पण ही एक गोष्ट आमच्या बाजूची होती, असे आम्ही दोघे समजत होतो.

वैशाखातला पाण्याचा वार. आक्काने पंप बंद केला होता आणि मी कपाट उघडून खालच्या टाकीचा तळ उपसण्यासाठी वाकलो होतो. त्या कपाटाचे दार खिडकीसमोर उघडते आणि नीट लागत नाही. फटीतून दिवसभर उजेडाची एक पट्टी टाकीच्या कोपऱ्यावर पडते. कोपऱ्यात गाळ साचला होता, तळहातभर, काळसर, आक्काचा हात तेथे पोहोचत नव्हता म्हणून राहून गेलेला. नळी तेथे नेली तर ती अडली. हात घातला तर खडा लागला. बाहेर काढून मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकण्यासाठी हात लांबही केला होता.

खडा केसाळ होता. मी तो पाण्याच्या वाटीत ठेवून खिडकीशी नेला. गडद तपकिरी, गुळाच्या ढेपेसारखा रंग. अंगावर बारीक बारीक तोंडे, आणि थोड्या वेळाने प्रत्येक तोंडातून सुया बाहेर आल्या. वरच्या पांढऱ्या पडलेल्या फांदीचाच तो तुकडा होता. हिवाळ्यात नवा दिवा बसवताना मोडून वरून वाहत खाली गेला असणार. वर, दिव्याखाली, उकळलेल्या कापसातून गाळलेल्या पाण्यात त्याची आई हाड होऊन उभी होती. आणि हा गाळात, फटीतल्या उजेडात, घाणीत पडून तुकतुकीत होता.

मी वाटी टेबलावर ठेवली. आक्काला हाक मारण्याआधी तीच आली.

ती वाटीकडे पाहात जमिनीवर बसली. मनगट मोडल्यापासून ती जमिनीवर बसत नसे. नळ वाहात होता, पिंप भरून ओसंडत होते, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही उठले नाही.

“आमच्याकडे एक पेशंट होता,” ती म्हणाली. “पोटाचं ऑपरेशन. जखम स्वच्छ, चादर स्वच्छ, ताप नाही. चार्टवर बोट ठेवायला जागा नव्हती. आणि माणूस वाळत चालला. राउंडला येणारा प्रत्येक जण चार्ट बघून म्हणायचा, छान. त्याच्या पोटात काय जातंय, हे कुणी विचारलंच नाही.” मग तिने मान वर केली. “शून्य, शून्य म्हणत होतो की आपण. आपण ह्यांना उपाशी ठेवलंय.”

मी तिला विचारले, मळ हे काय खाणे आहे? ती म्हणाली, समुद्रात मासे घाण करतात आणि त्यावरच बाग उभी असते. अगदी थोडे लागते, फार झाले तर विष होते. पण शून्य म्हणजे शून्य. भाडेकरूला शिजवायला शिधाच नाही, वर दिव्याचा जाळ मोठा. तो पळणार नाही तर काय करील.

मला बसलेला धक्का कसा लिहावा, हे मला आजही समजलेले नाही. चोर पकडायला निघालेल्या माणसाला आपल्याच घरातले देव चोर निघाल्यासारखे झाले. स्वच्छता हा आमच्या घराण्याचा एकमेव गर्व होता. बादली माझ्या हाताने मोरीत रिकामी होत होती आणि प्रत्येक बादलीबरोबर त्यांचा घास जात होता. येथे दोष कोणाचा ते मी लिहिणार नाही. दोष रिवाजाचा आहे, आणि रिवाजावर नोटीस बजावता येत नाही.

त्या दिवशी घरी आलो तर माझी पत्नी पाण्याचा वार म्हणून हंडा मोरीत पालथा करीत होती. मी उंबऱ्यात उभा राहून त्या वाहत्या पाण्याकडे पाहात राहिलो. “बाजूला व्हा की,” ती म्हणाली. “हंड्याचं दर्शन घेताय व्हय?” मी बाजूला झालो. तिला सांगितले असते, तर तिने मला डॉक्टरकडे नेले असते.

उपाय आक्काने ठरवला आणि मला घाई करू दिली नाही. उपाशी पेशंटला पहिल्याच दिवशी ताट वाढले तर तो मरतो, म्हणाली. चमच्याने सुरुवात करायची. दाण्यांची पिशवी काढून टाकली. निम्मे पाणी बदलणे बंद. फार तर दोन तांबे, तेही विचार करून. फेसाचे यंत्र फक्त दिवसा. कापूस उकळायचा नाही, पिळायचा. माशांना थोडे थोडे करून अधिक वेळा खाणे. पाण्याच्या वारी मी स्कूटरवरून येत असे आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसत असे. शेजारच्या फ्लॅटमधून पिंपे घासल्याचे आवाज येत. मला लाज वाटे. एकदा माझा हात आपोआप नळीकडे गेला, तर आक्काने पेपराची गुंडाळी करून त्याच्यावर मारली.

आणि मग एका तपासणीत फॉस्फेटच्या नळीला रंग आला. निळा म्हणावा असाही नाही. आभाळ दूर कुठे तरी असल्याची शंका यावी इतकाच. नायट्रेटची नळी किंचित लालसर. आक्काने दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर धरल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. आयुष्यात प्रथमच मी मळाचा डाग पाहून आनंद झालेली आमच्या घरातली बाई पाहिली.

परंतु पेटीचे रूप बदलले. काचेवर तपकिरी-हिरवी साय धरली. दगडांवर लव आली. फांद्यांचा पांढरा रंग फिका, मळकट पिवळा झाला, मग चहाच्या डागासारखा. आक्का म्हणाली, भाडेकरू सामान घेऊन परत येतोय. मी बारकाईने पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. मात्र परक्या डोळ्यांना ते तसे दिसणार नाही, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नाही.

दादा आणि धाकटी न कळवता आले. दादा बाजार आटोपून, होटगीवरून धाकटीला घेऊन. मी तेथेच होतो. दादा चप्पल काढून सरळ पेटीपाशी गेला.

“हे काय गं,” तो म्हणाला. “मागच्या खेपेला कसं पांढरंफेक होतं. संगमरवरासारखं. आता गटारी झाली की. लई दिवस धुतलं न्हाईस व्हय?”

मागच्या खेपेला म्हणजे चैत्रात, बाजाराला आला असताना तो उभ्या उभ्या डोकावून गेला होता तेव्हा. जेव्हा ते मरत होते. त्याच्या डोळ्यांनी ते तेव्हाच सुंदर होते. त्याच्या शोकेसमध्ये पांढरे शंख आहेत. त्याने ते तसेच समजले. मी त्याला सांगू लागलो, तर त्याने हात वर केला.

“तुझ्या हातानं हुत न्हाई, हे मी आदीच बोललो हुतो,” तो आक्काला म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, तेच अधिक वाईट. “काच पुसायला हात वर जाईना तुझा. मेलं म्हण की. शब्द दिलावतास.”

आक्का पंख्याखाली उभी होती. मला वाटले ती भांडेल. शस्त्रक्रियागृहात मोठमोठ्या डॉक्टरांना दारात थांबवणारी बाई. ती खुर्चीत बसली आणि पदराने मनगट दाबू लागली. ज्या खोलीला मी चुना दिला होता ती खोली तिच्या डोळ्यांपुढे आली असावी. माझ्या तर आलीच. चारही भिंती पांढऱ्या.

एवढ्यात धाकटीने पर्समधून मुरमुऱ्यांची पुडी काढली आणि पेटीत मूठभर टाकले. देवळाच्या तळ्यातल्या माशांना ती लहानपणापासून टाकते तसे. दोन्ही मासे धावत वर आले, हुंगून परत गेले.

“खाईनात गं,” धाकटी म्हणाली.

आक्का उठली. चहाची गाळणी आणून तिने मुरमुरे एकेक करून उचलले. रागावली नाही. गाळणी पाण्यातून फिरवताना ती धाकटीला हळू आवाजात सांगत होती की हा बघ, हा हातमोज्यासारखा, महिनाभर बोटं मिटून बसला होता, आता करंगळी उघडलीय. धाकटी वाकली. वाकलेलीच राहिली, जशी आक्का त्या दिवशी राहिली होती. दादा मात्र सोफ्यावर बसून, आता खोलीचे काय ते माझ्याशी ठरवू लागला. पेटी मेली आहे हे धरूनच तो बोलत होता, आणि चहा पिऊन तो त्याच समजुतीने गेला. जाताना म्हणाला, आषाढ लागायच्या आत सामान हलवू.

दार लागल्यावर आक्काने माझ्याकडे पाहिले.

“लोकांचे अर्ज लिहितोस,” ती म्हणाली. “माझा लिहिशील?”

मी तिसरा सामनेवाला. ज्याच्या विरुद्ध अर्ज त्यानेच तो लिहावा, असा प्रसंग माझ्या टेबलावर पूर्वी आलेला नाही. या वयात मी पक्ष बदलला आहे, आणि त्याचा मला अजून अचंबा वाटतो.

सबब, करमाळा येथील थोरले बंधू यांस सविनय कळविण्यात येते की, दिलेला शब्द असा होता : पेटी अर्जदाराच्या हातात मेली तर. सदर पेटी मेलेली नाही. ती मरत होती तेव्हा आपणांस पांढरी आणि सुंदर दिसली. ती जगू लागली तेव्हा मळकी दिसली. आपल्या डोळ्यांचा यात दोष नाही, आम्हा सर्वांचे डोळे एकाच घरात घडले. तथापि डोळ्यांच्या सवयीवर एका बाईचे घर उठवता येणार नाही. साक्षीदार तुकडा वाटीतून वरच्या दगडावर चिकटवण्यात आला असून तो आपल्या समक्ष तपासता येईल. आपण दुपारी न येता दिवेलागणीला यावे, कारण दिवा मंदावल्यावर त्याची सर्व तोंडे उघडतात. आणि येताना चष्मा आणावा. सामनेवाला क्रमांक तीन याने आपले म्हणणे मागे घेतले असून समोरची खोली आता त्याच्या कागदांसाठी वापरली जाईल. सामनेवाली क्रमांक दोन हिने काल फोन करून करंगळीची चौकशी केली, यावरून तिचेही म्हणणे समजून यावे.

तरी अर्जदारास तिच्या राहत्या घरी, तिच्या शिळ्या पाण्यासह, कोणतीही अट न घालता राहू द्यावे, आणि या अर्जाचे उत्तर फोनवर न देता लेखी, आपल्या सहीनिशी, आषाढ लागण्यापूर्वी द्यावे, ही न्यायाची विनंती. उत्तर येईपर्यंत सामान जागचे हलणार नाही.